आईचं आसन (गीता, अध्याय ६, श्लोक १० ते २६)



काल आपण सहाव्या अध्यायात नवव्या श्लोकापाशी थांबलो होतो. मित्र, शत्रू, सज्जन, पापी सगळ्यांकडे सारख्या बुद्धीने बघणारा तो योगी. आज दहाव्यापासून पुढे जायचं आहे. इथून भगवंत ध्यानाला कसं बसायचं ते सांगायला लागतात. जागा कशी हवी, आसन कसं हवं, मान-पाठ कशी धरायची, नजर कुठे ठेवायची. गीतेत इतकं बारीकसारीक वर्णन फार कमी ठिकाणी येतं.

खरं सांगते, हा भाग मी बरेच दिवस पुढे ढकलत होते. कारण दहाव्या श्लोकात दोन शब्द आहेत. एक ‘रहसि’, म्हणजे एकांतात. दुसरा ‘एकाकी’, म्हणजे एकट्याने. हे दोन शब्द वाचले की मला हसूही येतं आणि घशाशी काहीतरी दाटून पण येतं. चार वर्षांची मुलगी, नऊ तासांचं ऑफिस, दीड तासाचा लोकलचा प्रवास आणि चारशे चौरस फुटांचं घर. यात ‘रहसि’ कुठे शोधायचं? आमच्याकडे बाथरूमचं दारसुद्धा बाहेरून वाजवलं जातं. “आई, तू आत काय करतेस?”

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आषाढी जवळ आली होती, उत्साह दांडगा होता. मी ठरवलं, पहाटे पावणेपाचला उठायचं. आळंदीहून आणलेलं लोकरीचं आसन, तुळशीची माळ, बारीक वातीचा दिवा, सगळी तयारी आदल्या रात्री करून ठेवायची. अकरा दिवस छान गेले. छान म्हणजे काय, डुलक्या यायच्या, पण बसायचे. बाराव्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी लेक उठली आणि डोळे चोळत समोर येऊन उभी राहिली. “आई, शू.”

मी हातात माळ धरून ओरडले. “पाच मिनिटं मला कुणी सुखानं बसू देणार आहे का या घरात?” आवाज इतका चढला की नवरा उठून बसला. पोरगी तिथेच उभी. तिला कळेचना तिचं काय चुकलं. चड्डी ओली झाली ती वेगळीच.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण आईपणात असं होतं आणि आपण नंतर जवळ घेऊन सॉरी म्हणतो. खरा फटका चार दिवसांनी बसला. ती भातुकली खेळत होती. एक बाहुली तिने माझ्या आसनावर बसवली होती आणि दुसरीला सांगत होती, “शूऽऽ, तिकडे नाही जायचं. आई बाप्पाजवळ बसली की ओरडते.”

त्यानंतर मी आसन गुंडाळून माळ्यावर टाकलं ते तीन महिने काढलं नाही. या काळात मी दहावा श्लोक पुन्हा पुन्हा वाचला. ‘रहसि’ आणि ‘एकाकी’ याच शब्दांना मी चिकटून बसले होते, म्हणून पुढचे दोन शब्द वाचायचे राहूनच गेले होते. ते आहेत ‘निराशी’ आणि ‘अपरिग्रह’.

मराठीत निराश म्हणजे हताश. त्यामुळे हा शब्द वाचताना आपण गडबडतो. इथे त्याचा अर्थ आहे, कसलीही अपेक्षा न ठेवणारा. मी त्या पहाटे काय काय अपेक्षा घेऊन बसत होते! दिवसभराची चिडचिड कमी व्हावी, मन शांत व्हावं, चेहऱ्यावर तेज यावं (हसू नका, एका रीलमध्ये तसं सांगितलं होतं). आणि अपरिग्रह म्हणजे साठा न करणं. आपण तो पैशाला, वस्तूंना लावतो. मी चार साड्या दान करून अपरिग्रह झाला असं समजणारी बाई. पण ती वीस मिनिटं मी कशी जपत होते? ‘माझी’ वीस मिनिटं. कुणी हात लावला तर खबरदार. आंब्याच्या पेटीवर बसलेल्या माणसासारखी मी माझ्या वेळेवर बसले होते. माळ फिरत होती आणि कान पूर्णवेळ बेडरूमकडे होते, कुणी उठलं तर नाही ना. यात देव कुठे होता, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच उशिरा विचारला.

पण म्हणून चूक फक्त माझ्या वृत्तीची होती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं फार सोपं असतं आणि बायकांना ते नेहमी ऐकवलं जातं. “मन शांत असेल तर बाजारात पण एकांत मिळतो.” मिळत असेलही. पण भगवंतांनी अर्जुनाला असं सांगितलेलं नाही. त्यांनी आधी जागा सांगितली, शुद्ध जागा. मग आसन सांगितलं, फार उंच नाही, फार खाली नाही, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. ज्याला विश्वरूप दाखवायचं आहे त्याला देव आसनाची उंची सांगतो! म्हणजे बाहेरची व्यवस्था लागते हे त्यांना मान्य आहे.

आणि माउली तर याच्याही पुढे जातात. ज्ञानेश्वरीत या श्लोकांवर आले की ते त्या जागेचं वर्णन करताना रमूनच जातात. झाडं आहेत, झऱ्याचं पाणी आहे, सावली आहे, पाखरं आहेत, मंद वारा आहे. सहज कुणी तिथे आला तर त्याला परत जायची आठवण होऊ नये. ज्याचा कशावर विश्वास नाही त्यालाही इथे तप करावंसं वाटावं. एखादा मठ असावा किंवा शिवालय. १२९० साली नेवाशात ते हे सांगत होते. वाचताना मला नेहमी वाटतं, माउलींना माणूस किती कळला होता. नुसतं ‘मन आवर’ म्हणून ते थांबत नाहीत, मन आपोआप बसेल अशी जागा आधी उभी करतात.

आता आपल्याकडे ना झरा, ना शिवालय. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे आणि समोरच्या बिल्डिंगचं रंगकाम चालू आहे. पण मुद्दा झऱ्याचा नाहीच. मुद्दा असा की एकांत हा घडवावा लागतो. तो उरलेला वेळ नसतो. सगळी कामं संपल्यावर जो वेळ उरेल त्यात मी बसेन, असं म्हणणाऱ्या बाईला तो वेळ कधीच मिळत नाही. कारण घरकाम संपत नसतं, फक्त दिवस संपतो.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषाची ९७. मुलांचं आणि आजारी माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं होतं. जवळजवळ पाच तास. मी हा आकडा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, “मी ९७ पेक्षा जास्त करतो.” करतो, खरंच करतो. पण मग म्हणाला, “पण तू ध्यानाला बसायचं असतं तेव्हा मी झोपलेला असतो, हे खरं.”

आता झोपेचा विषय निघालाच आहे तर जरा पुढे उडी मारून सोळावा श्लोक बघू. हा श्लोक प्रत्येक नोकरी करणाऱ्या आईने फ्रिजवर चिकटवावा असं माझं मत आहे. भगवंत म्हणतात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही. आपण यातलं पहिलंच ऐकतो, फार झोपू नका. कीर्तनात, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व. ते आहेच. पण जी बाई रात्री बारा वाजता ओटा पुसून झोपते तिने पावणेपाचला उठायचं, ही गीतेची आज्ञा नाही. उलट सतराव्या श्लोकात झोप आणि जागणं दोन्ही ‘युक्त’ हवं, मोजकं आणि जुळणारं हवं असं स्पष्ट आहे. माझ्या त्या अकरा दिवसांत मी रोज जेमतेम साडेचार तास झोपत होते. बाराव्या दिवशी जे ओरडलं ते माझं पाप वगैरे होतंच, पण ती झोपही होती. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं. आपण साधनेत नापास झालो असं धरून बसलो होतो, आणि इथे स्वतः भगवंत सांगतायत की बाई, आधी झोप.

ज्यांची मुलं अजून अंगावर पितात त्यांच्यासाठी तर मी हे दोनदा लिहीन. आधी झोपा. माळ कुठे जात नाही.

आता एक जुनी गंमत सांगते. माझ्या सासूबाईंना पोथी वाचताना हाक मारली तर त्या ओ देत नाहीत. अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही असा नियमच आहे ना. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, किती कर्मठ. दारावर कुरिअरवाला उभा आहे, दूध उतू जातंय, आणि या आपल्या ओवी सोडत नाहीत. एकदा मी विचारलं, “आई, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही का?” त्या म्हणाल्या, “सगळं ऐकू येतं गं. पण आमच्या वेळी पोथी सोडून दुसरं काही हातात असतं तर कुणी बसू दिलं असतं का?”

मी गप्प झाले. सात माणसांचं घर, दोन खोल्या, नणंदा, दीर, पाहुणे. ‘मला अर्धा तास एकटीला बसू द्या’ असं म्हणायची सोय त्या पिढीच्या सुनेला नव्हती. ‘पोथी चालू आहे’ असं म्हणता येत होतं. सोवळ्याचंही थोडं तसंच. सोवळ्याने माणसांना किती दुखावलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि ते परत आणावं असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण “मी सोवळ्यात आहे, शिवू नका” या वाक्याच्या आड कितीतरी बायकांनी दिवसातली वीस मिनिटं स्वतःचं अंग स्वतःजवळ ठेवलं असेल. आपण त्या चौकटी मोडल्या, बरं केलं. पण त्यांच्या जागी दुसरं काही उभं केलं नाही. आता आपण चोवीस तास सगळ्यांना उपलब्ध. ऑफिसच्या ग्रुपला, पाळणाघराच्या ग्रुपला, सोसायटीच्या ग्रुपलाही.

इथे एक आक्षेप मला नक्की घेतला जाणार. “अगं पण जनाबाई बघ. दळता कांडता नाम घेतलं. तिला कुठे वेगळा वेळ लागला?” अगदी प्रेमाने सांगतात. मी स्वतः पण कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत होते. लोकलमध्ये उभं राहून नाम घे, पोळ्या लाटताना नाम घे, धुणं वाळत घालताना घे. आणि ते घेतेच मी. आमच्या लेडीज डब्यात सकाळी टाळ्यांवर भजन चालतं, त्यात दादरपर्यंत सूर लावते. तो आनंद खराच आहे, त्याला कमी लेखायचं नाही.

पण जनाबाईंच्या अभंगांत नेमकं काय घडतं ते नीट बघूया. त्या नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळण, कांडण, पाणी भरणं, गोवऱ्या वेचणं, झाडलोट सगळं त्यांच्याकडे. त्या नाम घेतात आणि विठ्ठल येतो. येऊन काय करतो? त्यांना दर्शन देऊन, आशीर्वाद देऊन, ‘छान चाललंय, असंच काम करत नाम घे’ असं सांगून निघून जातो का? नाही. तो जात्याला हात लावतो. तिच्याबरोबर दळतो. गोवऱ्या वेचू लागतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं जातं म्हणून दाखवतात, तिथे मी गेले होते. बायका त्या जात्याचा खुंटा धरून एक फेरा फिरवतात. मीही फिरवला. तेव्हा मनात आलं की आपण जनाबाईंच्या बाजूने हात लावतोय, पण समोर ज्याचा हात होता त्याच्याबद्दल आपण बोलतच नाही.

मला तर या कथेतून हे कळतं. देव भक्ताचं काम कमी करायला आला. जनाबाईंवर एकटीने दळायची वेळ राहू नये म्हणून तो खाली बसला. म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचं काम आपल्या हातात घेऊन तिला दोन क्षण मोकळं करणं ही साक्षात विठ्ठलाने केलेली सेवा आहे. ‘काम करता करता नाम घे’ हा उपदेश बाईला करणारा जर स्वतः जात्याला हात लावत नसेल, तर त्याने या अभंगांतला अर्धाच भाग घेतला आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट पण आपल्या परंपरेत आहे आणि ती मला आई झाल्यापासून नीट ऐकवत नाही. गोरोबा काकांची, तेरच्या. बायको पाण्याला गेली. जाताना सांगून गेली, मुलाकडे लक्ष ठेवा. काका माती तुडवत होते, मुखी नाम, भान हरपलेलं, आणि रांगत आलेलं मूल पायाखाली मातीत तुडवलं गेलं. महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते मूल परत मिळालं असं कथा सांगते. कीर्तनकार ही कथा तल्लीनता म्हणून रंगवतात आणि ती तल्लीनता थोर आहे, गोरोबांचा अधिकार मोठा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माझं मन हल्ली त्या बाईबरोबर पाण्याला जातं. ती पाच मिनिटं मूल कुणाकडे तरी सोपवून गेली होती. तेही स्वतःसाठी नाही, घरच्या पाण्यासाठी. परत आली तेव्हा काय बघितलं तिने!

बाई एकांताला बसली आणि तिचा एक कान मुलाकडे राहिला, तर त्याला आपण एकाग्रता नाही म्हणतो. मला वाटतं, तो कान राहतो कारण ऐकणारं दुसरं कुणी आहे याची तिला खात्री नसते. ती खात्री मिळाली की कान आपोआप मिटतो. त्याला साधना लागत नाही, माणूस लागतो.

तर आमच्या घरी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. रात्री नऊ दहा ते नऊ पंचवीस. पंधरा मिनिटं. त्या वेळेत लेकीला दात घासायला लावणं, शू करून आणणं आणि गोष्ट सांगणं हे बाबाचं काम. ‘मदत’ नाही, काम. (मदत म्हटलं की आभार मानावे लागतात आणि सूचना द्याव्या लागतात.) फोन स्वयंपाकघरातल्या खणात. मी बेडरूममध्ये, दार लोटून. कडी लावत नाही, कारण लेकीने दार वाजवून रडावं आणि मी आत बसून राहावं असं मला नकोच आहे. आणि एक नियम मी स्वतःला घातला. त्या पंधरा मिनिटांत बाहेर काही गडबड झाली, त्याने पेस्ट जास्त लावली, गोष्ट चुकीची सांगितली, तर मी आतून सूचना देणार नाही. मंडळी, हे ध्यानापेक्षा अवघड गेलं! पहिल्या आठवड्यात मी तीनदा आतून ओरडले, “अरे ती गुलाबी चादर नको, निळी!” एकांत दुसऱ्यांनी मोडला की आपल्याला दिसतं. मी स्वतः मोडते ते मला या निमित्ताने दिसलं.

लेकीला आम्ही समजावलं की बाबा जशी सकाळी धावायला जातो तशी आई आता शांत बसायला जाते आणि मग परत येते. परत येते, हे तिला महत्त्वाचं वाटलं. पहिले काही दिवस ती दाराच्या फटीतून बघायची. मी ओरडत नाहीये याची खात्री करत असावी. बघू दिलं.

सगळ्यांच्या घरी बाबा असतोच असं नाही, असला तरी रात्रपाळीला असतो, किंवा असून नसल्यासारखा असतो. माझी एक मैत्रीण नर्स आहे आणि मुलाला एकटीच वाढवते. तिला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं तर ती हसली. ती ड्यूटी सुरू व्हायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत चार मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटते, बस. “तिथे कुणाला माझं नाव घेऊन हाक मारता येत नाही, कारण मी अजून आलेलीच नसते,” असं म्हणाली. दुसरीने शेजारणीशी अदलाबदल केली आहे. रविवारी सकाळी पाऊण तास हिची मुलं तिच्याकडे, मग पाऊण तास तिची हिच्याकडे. हिशोब चोख, उपकार कुणाचेच नाहीत. दुसऱ्या अध्यायात चाळिसाव्या श्लोकात आश्वासनच आहे की या मार्गावर थोडंसं केलेलंही वाया जात नाही आणि ते मोठ्या भयातून सोडवतं. चार मिनिटांना लाजायचं कारण नाही.

समर्थांचं नाव घेऊन ‘आधी संसार’ असं सांगणारे पण खूप भेटतात. दासबोधाच्या बाराव्या दशकाचा पहिला समास पूर्ण वाचा एवढंच म्हणेन. समर्थ प्रपंच नीट करायला सांगतात, पण लगेच परमार्थाचा विवेकही करायला सांगतात. पहिलं झालं की मग दुसरं, साठीनंतर, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

बरं, आता दार लोटलं, फोन खणात, बाहेर गोष्ट चालू. मग काय होतं? मन स्थिर होतं का? माझं तरी होत नाही. डोळे मिटले की उद्याच्या डब्याला भेंडी आहे का, प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड, पाळणाघराची फी, सासऱ्यांच्या गोळ्या संपल्यात. एकांत मिळाला की मन शांत होईल अशी माझी समजूत होती. उलट झालं. इतके दिवस ज्यांना बोलायला वेळ नव्हता ते सगळे विचार रांग लावून आले.

म्हणून मला सव्विसावा श्लोक फार जवळचा वाटतो. मन चंचल आहे, ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्याच्या ठायी आणावं. एवढंच. किती वेळा आणायचं ते भगवंतांनी सांगितलेलं नाही, किती वेळा सुटलं तर नापास तेही सांगितलेलं नाही. त्याच्या आधीच्या श्लोकात तर ‘हळूहळू’ असा शब्द आहे आणि तोही दोनदा घेतलेला. मला हे वाचून बागेत मूल घेऊन बसलेली आई आठवते. पोर घसरगुंडीकडे पळतं, ती आणते. चिखलाकडे पळतं, ती आणते. कुत्र्यामागे पळतं, परत आणते. त्यात कुणी म्हणत नाही की बाई, तुझं बागेत येणं फुकट गेलं. मंडळी, मनाला परत आणायची ही सवय आपल्याला आहे. मुलाच्या बाबतीत आपण ती दिवसातून शंभर वेळा करतो, आणि बहुतेक वेळा न ओरडता.

पुढे तेहेतिसाव्या, चौतिसाव्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखं आहे, मुठीत धरता येत नाही. आणि भगवंत त्याला रागावत नाहीत. ‘खरंय, यात शंकाच नाही’ असं आधी मान्य करतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्यावर आपण तिथे पोचलो की बोलू.

आजच्या दिवसासाठी एवढंच करा. घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, मला अमुक ते अमुक वेळ हवी आहे, तेवढ्यात अमुक काम तुझ्याकडे. सुस्कारे सोडून, भांडी आपटून सांगू नका, ते कुणाला कळत नाही (मी सहा वर्षं आपटली आहेत). आणि हे वाचणारे जे दादा आहेत, नवरे, मुलगे, भाऊ, त्यांनी तिने सांगायची वाट बघू नका. गोपाळपूरच्या जात्यासमोरची दुसरी जागा तुमची आहे.

काल रात्री नवऱ्याचा कॉल लांबला. पंधरा मिनिटं गेली. गोष्ट मीच सांगितली आणि लेक झोपल्यावर ओट्यापाशी स्टुलावर बसले, जेमतेम पाच मिनिटं. भेंडी तेवढ्यात दोनदा आठवली. आसन मात्र आता माळ्यावर नाही, खिडकीखाली अंथरलेलंच असतं, आणि दुपारी त्यावर बाहुल्यांची शाळा भरते.

उद्या सत्ताविसावा श्लोक, मन पूर्ण शांत झालेल्या योग्याला जे सुख मिळतं त्याचा. मी तो वाचून ठेवला आहे. अनुभवाचं विचारू नका.

रामकृष्ण हरी.